वाटाणा आणि गुलबक्षी: जनुक ‘प्रभावी’ असतं म्हणजे नेमकं काय?
आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्याचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. पुढच्या पिढीत ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. साधारण तीनास एक. म्हणून गोलपणाला ‘प्रभावी’ म्हणतात. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून मात्र गुलाबी फुलं येतात.

वाटाण्यात गोल जनुक दुसऱ्याला दाबून टाकतं, ही समजूत आधी काढून टाकायला हवी. सुरकुतलेल्या दाण्यात स्टार्चला फांद्या फोडणारं एन्झाइम बिघडलेलं असतं. साखर साठते, दाणा जास्त पाणी धरतो आणि वाळताना आक्रसतो. जनुकाच्या दोन प्रती असतात, आई-बापाकडून एकेक; त्यातली एक जरी धड असली तरी दाणा गोल राहण्यापुरतं एन्झाइम मिळतं, इतकंच. गुलबक्षीत एका प्रतीचा रंग पुरत नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे! संकरित गोल वाटाण्यातले स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली शुद्ध गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांतल्या कणांच्या मधले दिसतात. म्हणजे नुसत्या डोळ्यांना पूर्ण प्रभावी, भिंगाखाली गुलबक्षीसारखं अपूर्ण.

म्हणून शिकवायला मी गुलबक्षीच आधी घेईन. ‘प्रभावी म्हणजे जास्त आढळणारं’ हेही चूक: सहावं बोट आणणारं जनुक अनेकदा प्रभावी असतं, तरी बहुतेकांच्या हाताला पाचच बोटं असतात.