भोपळा, गाजर आणि चीज : मानपाड्यातील घरगुती श्वानखाऊविषयी

गेल्या मे महिन्यापासून आमच्या घरी ठाण्यातील मानपाड्याच्या एका स्वयंपाकघरात भाजलेली भाजी-चीजची बिस्किटे येत आहेत. ही बिस्किटे केवळ कुत्र्यांसाठी तयार केली जातात. आतापर्यंत आम्ही नऊ पाकिटे घेतली, त्यांतील एक परत करावे लागले, आणि मधल्या काळात तोच खाऊ मी पाचपाखाडीतील आमच्या घरी स्वतः भाजूनही पाहिला. हा व्यवसाय एक बाई आपल्या राहत्या घरातून, एकट्याने करतात. घराचा पत्ता हाच व्यवसायाचा पत्ता असल्याने त्यांनी नाव न देण्याची विनंती केली आणि मला ती रास्त वाटली.

आमची सोनी आठ वर्षांची लॅब्राडोर आहे. एप्रिलमध्ये तिचे वजन ३४ किलो भरले, तेव्हा पशुवैद्यांनी ते २८ किलोपर्यंत आणण्यास सांगितले आणि दिवसभराच्या खाण्याची मर्यादा ९०० उष्मांकांवर ठेवली. जेवणाव्यतिरिक्तचा खाऊ एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावा, हा पशुवैद्यकांचा सर्वमान्य दंडक आहे. म्हणजे सोनीच्या वाट्याला खाऊसाठी जेमतेम ९० उष्मांक आले. घरातील सवयींकडे त्यानंतर मी पहिल्यांदा नीट पाहिले. सकाळच्या चहाबरोबर दोन ग्लुकोज बिस्किटे, दुपारी तूप लावलेल्या पोळीचा तुकडा, आणि संध्याकाळी औषधाची गोळी लपवण्यासाठी चीजचा एक क्यूब, हा तिचा रोजचा क्रम होता. वीस ग्रॅमच्या एका क्यूबमध्येच सुमारे ६० उष्मांक असतात. लॅब्राडोरच्या भुकेला जनुकीय कारणही असते. पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या पीओएमसी या जनुकातील दोष सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडोरमध्ये आढळतो, असे केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. अशा जनावरापुढे खाऊ पूर्णपणे बंद करणे आम्हाला जमणारे नव्हते. म्हणून मोजून देता येईल असा खाऊ हवा होता, आणि शेजारच्या काकांनी या बाईंचे नाव सुचवले.

पाकिटावरील पहिली चांगली गोष्ट म्हणजे घटकांची यादी मराठीत आहे आणि ती सहा घटकांत संपते : ओटचे पीठ, लाल भोपळा, गाजर, फरसबी, चीज, अंडे. मीठ, साखर, तेल, बेकिंग पावडर, रंग, सुगंध यांपैकी काहीही नाही. कुत्र्यांचा खाऊ निवडताना त्यात काय घातले आहे यापेक्षा काय वगळले आहे हे मी आधी पाहते, आणि या कसोटीवर हे स्वयंपाकघर पूर्ण उतरते. आपल्याकडे खाऱ्या पदार्थाला चव आणायची म्हटली की हात आपोआप लसणाकडे जातो, आणि चीजबरोबर तर लसूण हवाच अशी आता समजूतच झाली आहे. मात्र कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत. त्यांतील गंधकयुक्त संयुगांमुळे तांबड्या रक्तपेशींचा नाश होतो, शिजवल्याने किंवा भाजल्याने हा दोष जात नाही, आणि वाळवलेल्या लसणाच्या पुडीत तो अधिक एकवटलेला असतो. लक्षणे बहुधा लगेच न दिसता काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे काल-परवा दिलेल्या थालीपिठाच्या तुकड्याशी त्यांचा संबंध घरच्यांच्या ध्यानातही येत नाही. मी पहिल्याच फोनवर लसणाविषयी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, बिस्किटांच्या दिवशी घरच्या भाजीलासुद्धा मी कांदा चिरत नाही. पोळपाट, सुरी, किसणी, सगळं या कामाचं वेगळं ठेवलंय.” एवढी दक्षता मला अन्य कोठे दिसलेली नाही. शेंगदाण्याच्या लोण्याची बिस्किटे करण्याची मागणी त्यांच्याकडे वारंवार होते. ते लोणी त्या घरीच दाणे वाटून करतात, कारण बाजारातील काही साखरमुक्त प्रकारांत झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य असू शकते आणि ते कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणते.

चीजविषयी मात्र माझे आणि त्यांचे पूर्ण एकमत नाही. त्या बाजारात सर्वत्र मिळणारे प्रक्रिया केलेले चीज किसून घालतात. अशा चीजमध्ये मीठ असते आणि ते एकजीव राहावे म्हणून घातलेले सोडियमयुक्त क्षारही असतात, त्यामुळे हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्याला ही बिस्किटे देण्यापूर्वी पशुवैद्यांना विचारलेच पाहिजे. चीजमधील स्निग्धांश हा दुसरा मुद्दा आहे. ज्या कुत्र्याला स्वादुपिंडाची सूज येऊन गेली आहे, त्याला हा खाऊ देऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तशी सूचना पाकिटावर छापली गेली पाहिजे. घरी फाडलेल्या दुधाचे बिनमिठाचे पनीर का वापरत नाही, असे मी त्यांना विचारले. त्यांनी तेही करून पाहिले होते. भाजल्यावर पनीराचा वास जवळजवळ उरत नाही आणि कुत्री बिस्किटाकडे वळत नाहीत, असा त्यांचा अनुभव आहे. हे उत्तर मला पटण्याजोगे वाटले, कारण कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या सुमारे १,७०० असतात, आपल्या जिभेवर सुमारे ९,०००. कुत्रा पदार्थाची निवड मुख्यतः नाकाने करतो. शिवाय चीजचे प्रमाण अल्प आहे : २०० ग्रॅम पिठाला ३० ग्रॅम. या प्रमाणात निरोगी कुत्र्याला अपाय होण्याचे कारण मला दिसत नाही.

बिस्किटांचा आकार हा या खाऊचा माझ्या लेखी सर्वांत मोठा गुण आहे. ती शंकरपाळ्यांसारखी तिरकी कापलेली, पातळ आणि साधारण चार ग्रॅम वजनाची असतात. पाकिटावर प्रत्येक बिस्किटाचे अंदाजे १६ उष्मांक लिहिलेले आहेत. दिलेल्या प्रमाणांवरून मी स्वतः हिशेब केला, तेव्हा तो आकडा जवळपास जुळला. म्हणजे सोनीला दिवसाला पाच बिस्किटे देता येतात, आणि प्रत्येकाचे चार तुकडे केले की वीस वेळा शाबासकी देता येते. बिस्किट बोटांनी सहज मोडते आणि फारसा चुरा होत नाही. उपवन तलावाच्या काठी फिरायला नेताना खिशात पाच बिस्किटे असली की इतर कुत्री समोरून येत असतानाही सोनी माझ्या बाजूने चालते. पूर्वी एका क्यूबसाठी ती जेवढी आतुर असे, तेवढीच आता नखाएवढ्या तुकड्यासाठी असते. कुत्र्याला तुकड्याच्या आकारापेक्षा तो किती वेळा मिळाला याचेच अप्रूप अधिक असावे, असे मला रोज वाटते. दहा किलोच्या लहान कुत्र्यासाठी मात्र पाच बिस्किटे जास्त होतील. त्याची दिवसाची एकूण गरज बहुधा सहाशे उष्मांकांच्या आसपास असते, त्यामुळे तीन, फार तर चार बिस्किटे पुरेत.

सोनीला एखादी गोष्ट आवडली याला चवीचा दाखला मानता येणार नाही, कारण ती काहीही खाते. म्हणून मी दोन बिस्किटे शेजारच्या काकांकडील मोती या देशी कुत्र्याला दिली. मोती अनोळखी पदार्थ हुंगून सोडून देतो. त्याने पहिले बिस्किट तोंडात धरून बाल्कनीत नेले, दहा मिनिटांनी खाल्ले आणि मग दुसऱ्यासाठी दारात येऊन बसला. काका तेव्हापासून दर महिन्याला पाकीट घेतात.

आता जुलैतील त्या पाकिटाविषयी. आम्ही बिस्किटे एक दिवसाआड देतो, मधल्या दिवशी उकडलेली फरसबी देतो, त्यामुळे १५० ग्रॅमचे पाकीट दोन आठवडे पुरते. जुलैच्या मध्यावर घेतलेली बिस्किटे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मऊ पडली आणि नवव्या दिवशी दोन बिस्किटांच्या कडांवर हिरवट बुरशी दिसली. बुरशी लागलेला भाग काढून उरलेले वापरण्याची आपल्याकडे सवय असते, परंतु कुत्र्यांच्या बाबतीत ती घातक ठरू शकते. काही बुरशींमधील विषद्रव्यांनी कुत्र्यांना कंप सुटतो आणि झटके येतात. मी संपूर्ण पाकीट बाजूला ठेवले आणि बाईंना छायाचित्र पाठवले. त्यांनी एकही सबब पुढे केली नाही. त्याच संध्याकाळी पैसे परत आले आणि त्या घाण्यातील पाकिटे घेतलेल्या सर्वांना त्यांनी फोन करून ती टाकून देण्यास सांगितले, हे मला काकांकडून कळले.

दोष कशात होता, हे त्यांनी पुढच्या आठवड्यात शोधून काढले. बिस्किटे १६० अंशांवर २५ मिनिटे भाजून लगेच बाहेर काढली जात होती. वरून ती कडक लागत, परंतु भोपळ्याचे पाणी आत शिल्लक राहत असे आणि पावसाळी हवेत ते वाढतच जाई. आपला चहाबरोबरचा टोस्ट महिनाभर टिकतो तो दोनदा भाजलेला असल्यामुळे, आणि बिस्किट या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही ‘दोनदा भाजलेले’ असाच आहे. आता त्या पहिल्या भाजणीनंतर बिस्किटे उलटवून ओव्हन १०० अंशांवर दीड तास ठेवतात आणि बंद केलेल्या ओव्हनमध्येच ती थंड होऊ देतात. ऑगस्टमधील दोन्ही पाकिटे शेवटच्या दिवसापर्यंत मोडताना आवाज करत होती.

तरीही जुलैनंतर मला स्वतः भाजून पाहावेसे वाटले, आणि ज्यांच्या घरी ओटीजी (विजेचा लहान ओव्हन) आहे त्यांनी एकदा तरी पाहावे. जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेला लाल भोपळा १०० ग्रॅम, गाजर ५० ग्रॅम आणि मूठभर फरसबी वाफवून बारीक केली, २०० ग्रॅम ओट मिक्सरवर दळले, ३० ग्रॅम चीज आणि एक अंडे घातले. पाणी अजिबात घालू नये. घारग्यांचे पीठ जसे भोपळ्याला सुटलेल्या पाण्यात भिजवतो, तसेच हेही भिजते. माझ्याकडून पहिल्या वेळी भाज्या गरम असतानाच पिठात गेल्या, पीठ सैल झाले आणि ते सावरण्यासाठी आणखी ओट घालावे लागले. भाज्या पूर्ण निवू दिल्यावर दुसऱ्या वेळी गोळा घट्ट झाला. लाटलेली पोळी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड ठेवू नये आणि करंजीच्या कातण्याने काप पाडावेत. भाज्या कच्च्या किसून घातल्या तरी चालते, पण त्या वाफवून बारीक केल्यास कुत्र्याला अधिक चांगल्या पचतात. चघळण्यासाठी तो क्वचितच वेळ घेतो. ओटऐवजी ज्वारी किंवा नाचणीचे पीठ वापरता येईल, बेसन मात्र मी टाळीन, कारण त्याने सोनीला वायू होतो. माझी बिस्किटे सोनीने आणि मोतीनेही खाल्ली, परंतु त्यांत बाईंच्या बिस्किटांचा एकसारखा कुरकुरीतपणा नव्हता : कडेची करपट आणि मधली मऊ. लहान ओटीजीत उष्णता सर्वत्र सारखी लागत नाही, त्यामुळे ताट अर्ध्यावर फिरवावे लागते. एका घाण्याला वाळवणीसह जवळजवळ तीन तास जातात. साहित्याचा खर्च पाकिटाच्या किमतीच्या निम्म्याहून कमी येतो, हे खरे आहे; पण नोकरी करणाऱ्या व्यक्तीला दर पंधरवड्याला तीन तास काढणे अवघड आहे, आणि म्हणूनच मी पुन्हा त्यांच्याकडे वळले.

१५० ग्रॅमचे पाकीट २२० रुपयांना पडते. मागणी मंगळवारपर्यंत कळवावी लागते, भाजणी शुक्रवारी होते आणि पाकीट शनिवारी सकाळी जाऊन आणावे लागते. घोडबंदर रस्त्यावरील वाहतुकीमुळे शनिवारी नऊच्या आत जाऊन येणे सोयीचे पडते. घरपोच सेवा नाही, आणि ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांना ही अडचण जाणवेल. पाकिटावर खाद्यपरवान्याचा क्रमांक नाही म्हणून काकांना शंका आली होती. अन्नसुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ मध्ये अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे, त्यामुळे माणसांच्या खाद्यपदार्थांवर दिसणारा तो क्रमांक येथे नसणे हा दोष मानता येत नाही. त्याच कारणाने विकत घेणाऱ्याने घटक, स्वच्छता आणि भाजल्याची तारीख स्वतः विचारून घेणे अधिक आवश्यक ठरते. बाईंनी मला स्वयंपाकघर आत येऊन पाहू दिले. वेगळे ठेवलेले पोळपाट आणि किसणी तेथे खरोखरच होती.

जुलैपर्यंत पाकिटावर केवळ ‘१५ दिवसांत वापरा’ एवढेच लिहिलेले असे. आता भाजल्याची तारीख हाताने लिहिलेली असते. माझ्या मते अंडे आणि भाज्या असलेला, टिकवण्यासाठी कोणताही पदार्थ न घातलेला खाऊ ठाण्याच्या पावसाळ्यात पंधरा दिवस बाहेर ठेवूच नये. मी चार दिवसांपुरती बिस्किटे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते आणि उरलेली फ्रीझरमध्ये. ओलावा शोषणाऱ्या पुड्या डब्यात सुट्या टाकू नयेत, बिस्किटाबरोबर कुत्रा ती पुडीही गिळू शकतो. ७५ ग्रॅमचे लहान पाकीट काढावे, अशी विनंती मी ऑगस्टच्या अखेरीस केली होती. ते या शनिवारी पहिल्यांदा मिळाले, १२० रुपयांना, आणि त्याच सकाळी सोनीचे वजन ३१ किलो भरले.