वॉकिंग शूज, 8 महिन्यांचा अनुभव: भुईकोट, नळदुर्ग, कुडल आणि अडुसष्ट लिंगं

दसऱ्याला घेतलेले वॉकिंग शूज आता जूनमध्ये आठ महिन्यांचे झाले, म्हणून सविस्तर लिहिते. चार दिवस घालून लिहिलेले रिव्ह्यू वाचून आधीची जोडी घेतली होती, तिचा तळ तीन महिन्यांत निघाला, तेव्हाच ठरवलं होतं की आता पूर्ण वापरल्याशिवाय लिहायचं नाही. ब्रँड सांगत नाही, कारण या प्रकारचे बूट चार-पाच कंपन्या करतात: वरून कापडी जाळी, आत जाड फोम, तळ रबराचा, लेसवाले, 2400 रुपयांच्या आसपास.

माझी गरज आधी सांगते. वय 53, उजव्या गुडघ्याची झीज सुरू झालीय, डॉक्टर म्हणाले चढ आणि जिने टाळा पण सपाटीवर रोज चाला. ऐकून वाईट वाटलं होतं कारण किल्ले, जुनी देवळं बघायची मला लहानपणापासून ओढ आणि किल्ला म्हणलं की डोळ्यासमोर चढच येतो. मग लक्षात आलं की आपण सोलापुरात राहतो, इकडचे किल्ले चढायचे नसतातच! भुईकोट म्हणजे भुईवरचा कोट, भोवती खंदक, आत शिरलं की सपाट. डोंगराचा आडोसा नाही म्हणून तटबंदी दुहेरी केली, पाण्याने भरलेला खंदक खणला, आणि आज त्याच सपाटीमुळे माझ्यासारखीला तो पूर्ण फिरता येतो. तेव्हापासून रोज पहाटे आपला भुईकोट आणि महिन्यातून एक-दोन रविवार बाहेरगाव असं चाललंय. सोबत जाऊबाई असतात, त्यांना शुगर आहे, त्यांनीही हेच बूट घेतले.

भुईकोटात बूट एकदम छान चालतात. बागेतली फरशी, मातीची वाट, तटाच्या कडेचे ओबडधोबड दगड, कुठेच पाय मुरगळला नाही. पहिले पंधरा दिवस टाच थोडी घासली, मग फोम बसला आणि आता घातलेत हे जाणवतही नाही. किल्ला बहमनी काळातला, 1818 च्या मे महिन्यात मन्रोच्या इंग्रजी फौजेने घेतला, हे सगळं शाळेत पाठ केलेलं, पण रोज चाललं की वेगळंच दिसायला लागतं. एकदा लेस बांधायला तटाजवळ खाली बसले तर समोरच्या दगडावर वेलबुट्टीची ओळ, कुठल्यातरी जुन्या देवळाचा कोरीव दगड तटात बसवलेला. दोन महिने त्याच्या बाजूने जात होते आणि दिसला नव्हता. आता जाऊबाई आणि मी असे दगड मोजत चालतो. पूर्वेच्या अंगाला तलाव आणि त्यात सिद्धेश्वराचं देऊळ, तिथून उगवतीचं ऊन येतं तेवढी दहा मिनिटं मला दिवसभर पुरतात.

आता नळदुर्ग. सोलापूरहून हैदराबाद रोडने साधारण 45 किलोमीटर, सकाळी सहाला निघालं की ऊन चढायच्या आत फिरून होतं. किल्ल्याचा घेर मोठा, तटाची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास, 114 बुरूज, पण आतली वाट बरीचशी सपाट आहे. बोरी नदी किल्ल्यातून वळवून तिच्यावर बंधारा घातलाय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल. 1613 मध्ये दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि माणूस आत महालात बसून समोरून पडणारं पाणी बघतो, अंगावर थेंब नाही. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी गेलो तेव्हा थोडी धार होती. तिथे बुटांचा पहिला दोष कळला: ओल्या शेवाळलेल्या दगडावर ग्रीप अजिबात नाही. महालात उतरायच्या पायऱ्यांवर पाय सर्रकन घसरला, भिंत हाताशी होती म्हणून वाचले. रबर कडक आहे, कोरड्यावर पकडतं, ओल्यावर नाही. पावसात जाणार असाल तर हे बूट नकोतच, मऊ रबराचे घ्या आणि काठी ठेवा. उपळ्या बुरुजावर मी गेले नाही, पायऱ्या उंच आहेत आणि गुडघ्याने नको म्हणलं. खाली सावलीत कडक भाकरी आणि शेंगा चटणी खात बसले, आमचे हे वर जाऊन तोफा बघून आले.

दुसरा दोष कंपनीवाले कधी सांगणार नाहीत कारण त्यांनी आपलं माळरान बघितलंच नसणार. कुसळं! दिवाळीनंतर गवत वाळलं की त्याची कुसळं बुटाच्या जाळीत शिरतात, चालता चालता आत सरकतात आणि मोजा भेदून टोचतात. घरी येऊन चिमट्याने एकेक काढायला अर्धा तास. सराटे तळाला चिकटतात ते ठीक, फोम जाड आहे म्हणून आत लागत नाहीत, पण वेड्या बाभळीचा काटा मात्र आरपार आला, डाव्या बुटाला अजून ते भोक आहे. आणि काळी माती. अवकाळी पाऊस पडून गेल्यावर शेताच्या कडेने शंभर पावलं चाला, तळाच्या खाचांत माती अशी बसते की एकेक पाय किलोभर जड होतो, मग दगडावर खरवडत बसा. खाचा उथळ असलेला तळ आपल्याकडे बरा, हे मी दुकानात विचारायला हवं होतं.

पण सगळ्यात जास्त फरक पडला तो लेसचा. आपल्या भागात फिरायचं म्हणजे बूट घालण्याइतकंच काढणं आहे, दर देवळाला वाकायचं, गाठ सोडायची, परत बांधायची, गुडघा दुखणाऱ्याला ते नको होतं. जानेवारीत मी लेस काढून टाकल्या आणि शिवणकामाच्या दुकानातून जाड इलॅस्टिक आणून ओवलं, 30 रुपयांत काम झालं, आता नुसता पाय घालते. टाच जराशी सैल राहते पण सपाटीवर चालतं.

हे बदललं ते हत्तरसंग कुडलला जायच्या आधी, आणि बरं झालं, कारण तिथे आम्ही चारदा बूट काढले. विजापूर रोडने जायचं, भीमा आणि सीनेचा संगम, शहरापासून 40 किलोमीटरच्या आसपास. हरिहरेश्वराचं देऊळ मातीखाली गाडलेलं होतं, ते उकरून काढलं तेव्हा बहुमुखी शिवलिंग मिळालं, एकाच लिंगावर 359 मुखं कोरलेली. जवळून बघा, प्रत्येक चेहरा अंगठ्याएवढा, तरी ओठ, डोळे वेगवेगळे. आणि तिथल्याच संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख: वाछि तो विजेया होईवा. जो वाचेल तो विजयी होईल. आमचे हे मान वर करून अक्षरं जुळवत होते, तेवढ्यात शेजारची एक आजी म्हणाली, "वाचा बाई, वाचलं की पुण्य लागतंय." हजार वर्षांपूर्वी आपल्या भीमेकाठी कुणीतरी लिहिलं आणि आपल्याला ते आजही समजतंय, मला तिथे खरंच भरून आलं. मार्च होता, अकरानंतर फरशी एवढी तापली की अनवाणी पाय टेकवेना. तेव्हापासून पिशवीत जाड सुती मोजे ठेवते, देवळात घालते. तुम्हीही ठेवा.

माचणूर थोडक्यात: मंगळवेढा रोडने, भीमेच्या काठी किल्ल्याची पडझड झालेली तटबंदी, घाट आणि सिद्धेश्वराचं देऊळ. औरंगजेबाची छावणी 1695 ते 1699 इथे लगतच्या ब्रह्मपुरीला होती. घाटाच्या पायऱ्या मी हळूहळू उतरले, तेवढ्या जमल्या. धाराशिवजवळच्या तेरला एकदाच गेलो, त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ, मागची बाजू गोलाकार आणि छप्पर पालथ्या होडीसारखं, गावातल्या गल्ल्यांतून चालत सगळं होतं, संग्रहालयातली उत्तरेश्वराच्या देवळाची लाकडी कोरीव चौकट चुकवू नका.

बुटांची आजची अवस्था: उजव्या टाचेचा बाहेरचा भाग झिजला (माझी चालच तशी आहे), फोम अजून चांगला, डाव्या बुटाचा अंगठ्याजवळचा शिवणीचा टाका आधी सैल झाला आणि मेमध्ये सुटला. सहा महिन्यांची वॉरंटी संपली म्हणून दुकानदाराने हात वर केले, पण पहिल्यांदा मी तक्रार नेली होती ती चौथ्या महिन्यात, तेव्हा "बघू, साहेब आल्यावर या" करत त्याने दिवस घालवले, हे मला अजून लागलंय. बिलावर तारीख टाकून तक्रार लेखी घ्या, नुसतं तोंडी ठेवू नका. शेवटी आमच्या पेठेतल्या चांभारदादांनी 60 रुपयांत टाका घातला आणि टाचेला रबराचा तुकडाही लावून दिला, तो दुकानातल्यापेक्षा मजबूत आहे.

नवीन घेताना जाळीचे घेणार नाही, बंद कापडाचे आणि मऊ तळाचे घेईन, साइज अर्ध्याने मोठा, संध्याकाळी पाय सुजलेले असताना घालून बघून. पण यांना टाकणार नाही, यांच्यावर एक काम चालू आहे. बाराव्या शतकातले संत सिद्धरामेश्वर यांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत स्थापन केलेली अडुसष्ट शिवलिंगं, गड्ड्याच्या म्हणजे संक्रांतीच्या यात्रेच्या वेळी भोगीला नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) ज्यांच्या भेटीला निघतात, ती सगळी चालत बघायची असं आम्ही जावा-जावांनी ठरवलंय. भोगीच्या दिवशी बाराबंदीतल्या (पांढऱ्या पारंपरिक अंगरख्यातल्या) मानकऱ्यांच्या मागे मी अनवाणीच चालले, बूट घरी ठेवले. बाकी दिवशी एकेक गल्ली, एकेक कॉलनी धरून शोधतो, कुठे वाड्याच्या मागे, कुठे रस्त्याच्या कडेला ओट्यावर, शेजारच्यांना विचारलं की सगळे आपुलकीने दाखवतात, पाणी विचारतात. आतापर्यंत 41 झाली. पाऊस नीट सुरू व्हायच्या आत पन्नास करायचीत, उद्या पहाटे साडेपाचला निघतोय.