भरतीच्या नावाखाली आमचे साडेचार लाख गेले, कागदही गेले

माझ्या धाकट्या भावानं पोलीस व्हावं, ही आमच्या घरातली जुनी इच्छा. परभणी जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव, चार एकरांत सोयाबीन अन् कापूस. शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपये, वर महागाई भत्ता, घरभाडं. पाऊस पडो न पडो, एक तारखेला पगार. वडिलांना एवढंच दिसत होतं. त्याच आशेवर एक माणूस आमच्या घरात शिरला. भरती निघाली की असे लोक पुन्हा गावोगाव फिरतात, म्हणून हे सगळं लिहितोय.

२०२३ च्या सुरुवातीला भावाचं ग्राउंड झालं. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक मिळून ५० पैकी ४१ गुण. दोन वर्षं तो पहाटे चारला उठून कृषी विद्यापीठाकडच्या रस्त्यावर पळत होता. सव्वासात किलोच्या गोळ्यानं मानेच्या उजव्या बाजूला काळा वण पडला होता. त्याच आठवड्यात, अकॅडमीच्या पोरांत ऊठबस असणारा एकजण घरी आला. चहा घेता घेता वडिलांना म्हणाला, "काका, लेकराचं ग्राउंड चांगलं निघालं. आता लेखीला वरून सांगावं लागतंय. आठ लाख. तीन आधी, बाकीचे यादीत नाव आल्यावर. नाव नाही आलं तर पैसे परत."

भाऊ नको म्हणत होता. "दादा, पेपर ओएमआरवर, म्हणजे मशीन तपासतंय त्या उत्तरपत्रिकेवर असतोय, उत्तरतालिका सगळ्यांसमोर येती. हा काय करणार त्यात?" पण वडील म्हणाले, "सगळे देऊलालेत. आपुन नाही दिले अन् लेकरू राहिलं, तर मला जन्मभर खाईल ते." मी थोरला. मी वडिलांच्या बाजूनं बोललो.

बैलजोडी विकली. उरलेले शेकडा तीन टक्क्यानं उचलले. त्यानं बाँडवर लिहून दिलं, पण भरतीचा एक शब्द नाही; "प्लॉटच्या व्यवहारापोटी इसार" एवढंच. आणि विश्वास म्हणून दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, सगळं ठेवून घेतलं. तिथंच आम्ही उठायला पाहिजे होतं.

एप्रिलमध्ये लेखी झाली. यादी लागली, भाऊ पाच गुणांनी मागं. पैसे मागायला गेलो तर म्हणाला, "वेटिंगला आहे. दोघं जॉइन होत नाहीत. दीड लाखात काम होतंय." आईच्या पाटल्या गेल्या.

महिन्यानं व्हॉट्सॲपवर नेमणुकीचं पत्र आलं. राजमुद्रा, सही, शिक्का, अमुक तारखेला प्रशिक्षण केंद्रात हजर व्हा. आईनं देवापुढं ठेवलं. ट्रंक, नवे बूट, पांढरा गणवेश घेऊन आम्ही दोघं पहाटेच्या एसटीनं गेलो. फाटकावरच्या हवालदारांनी कागद दोनदा वाचला. मग भावाकडं न बघता मला बाजूला घेतलं. "जावक क्रमांक कुठाय? चेस्ट नंबर नाही, घटक जिल्हा नाही. 'अधीक्षक' सुद्धा चुकीचं लिहिलंय, बघा. पाहुणे, हे खोटं आहे. ह्या महिन्यातले तुम्ही तिसरे." भाऊ ट्रंकेवर बसून बुटाची लेस सोडत होता. त्याला ऐकू गेलं होतं.

तरीही वर्षभर आम्ही तक्रार केली नाही. लोक काय म्हणतील ही लाज, आणि लाच देणाराही गुन्ह्यात येतो ही भीती. तो हेच वापरतो. फोन केला की म्हणायचा, "पोलिसांत जावा, आधी तुम्हीच आत जाल." शेवटी भावाला २०२४ च्या भरतीत पडताळणीला मूळ कागद दाखवता आले नाहीत आणि तो ग्राउंडवरून परत आला, तेव्हा वकिलाला घेऊन मी ठाण्यात गेलो. खरं तेच सांगितलं. फसवणुकीचं कलम ४२० लागलं. (१ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं.)

तिथं त्याची रीत कळली. आमच्यासारखी अकरा घरं निघाली. तो ग्राउंडला चांगले गुण पडलेली पोरंच हेरायचा. त्यातली दोन स्वतःच्या मेहनतीनं लागली. त्यांचे पैसे त्यानं "काम झालं" म्हणून पूर्ण घेतले. बाकीच्यांना वेटिंगवर लटकवलं. कोणत्याही साहेबाला त्यानं कधी फोनसुद्धा केला नव्हता. आमच्याच पोरांच्या पायांवर तो जुगार खेळत होता. ती दोन पोरं आजही समजतात की आपण पैशानं लागलो. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

तुमच्या घरी कुणी आलं तर एवढं ध्यानात असू द्या. शिपाई भरतीला मुलाखतच नसते. बारावी पास, पुरुषांना उंची १६५ सेंमी, ५० गुणांचं ग्राउंड, १०० गुणांची लेखी, मग कागदपत्रं, वैद्यकीय आणि चारित्र्य पडताळणी. चालक अन् राज्य राखीव दलाच्या चाचण्या थोड्या वेगळ्या, पण यादी सगळ्यांची गुणांसकट जाहीर होते. "मुलाखतीला साहेबांना सांगतो" म्हणणारा तिथंच खोटा पडतो. आमच्यावाल्यानं एकाला "थेट फौजदार करतो" म्हणून बारा लाख सांगितले होते. सरळसेवेचा फौजदार, म्हणजे उपनिरीक्षक, फक्त लोकसेवा आयोगातून होतो. पूर्व, मुख्य, शारीरिक, मुलाखत. दुसरी वाट आधी खात्यात लागून विभागीय परीक्षा देण्याची. आणि मूळ कागद कुणालाही देऊ नका, नातेवाईक असला तरी. पैसे हळूहळू फिटतात. कागदावाचून गेलेलं वय परत येत नाही. खुल्या गटाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ ही मर्यादा कुणासाठी थांबत नाही.

तो माणूस जामिनावर बाहेर आहे. पैशातले चाळीस हजार आले, बाकी नाही. दुय्यम गुणपत्रिकांसाठी भावानं संभाजीनगरच्या बोर्डात तीन चकरा मारल्या. मागच्या महिन्यात त्या मिळाल्या. घरी आल्यावर त्यानं त्या प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, पत्र्याच्या पेटीत ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात न देता आईच्या हातात दिली.