चवथीसाठी घुमट घेताना: घोरपडीचं कातडं, बकरीचं की सिंथेटिक पडदा?

चवथ म्हणजे गणेशचतुर्थी जवळ येऊ लागली की गोव्यातल्या आरती मंडळांत एक प्रश्न हमखास निघतो: आरतीला वाजणारं मातीचं तालवाद्य घुमट यंदा कुठल्या कातड्याचं घ्यायचं? जुने वादक घोरपडीच्या कातड्याची आठवण काढतात. विकणारा बकरीचं पुढे करतो. आणि मुलांना नुकतंच शिकायला घातलेले पालक विचारतात, प्लास्टिकचं चालणार नाही का? आपल्याच वाद्यापुरतं पाहून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. तमिळनाडूची खंजिरी, कैरोची मातीची दरबुका, ओकिनावाची सानशिन, चीनची दोन तारांची एर्हू या सगळ्या वाद्यांना कातड्याचा पेच पडलेला आहे आणि प्रत्येकानं आपापली वाट काढली आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो: बकरीचं घ्या. पण का, आणि कुणी घेऊ नये, हे सविस्तर सांगायला हवं.

आधी घुमट वाजतं कसं ते पाहू. दोन्ही बाजूंना तोंड असलेलं हे मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताची बोटं कातड्यावर पडतात आणि डावा तळवा लहान तोंड झाकत-उघडत आतली हवा कोंडतो, सोडतो. आरतीत शामेळ या तालवाद्याच्या आणि झांजेच्या गजरातूनही जो खोल, ओढ घेणारा नाद ऐकू येतो, तो त्या कोंडलेल्या हवेचा. कातडं त्याला चालना देतं आणि वरचा टणक बोल देतं. त्यामुळे कातड्यावरून तासभर वाद घालणाऱ्यानं मडकं पाच मिनिटंही पारखलं नाही, तर त्यानं अर्धं वाद्य न पाहताच घेतलं असं मी म्हणेन.

दुसरी गोष्ट कातड्याच्या जातीची. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरवून कमावलेलं असतं. पावलाखाली झिजायला ते उत्तम, पण वाद्यावर ते बोलत नाही. तालवाद्यावर चढतं ते न कमावलेलं, केस काढून ताणून वाळवलेलं कच्चं कातडं. ते वाळताना आकसतं, म्हणून ताण येतो. आणि कमावलेलं नसल्यामुळेच ते हवेतलं पाणी पिऊन सैल पडतं. भाद्रपदातल्या गोव्यात हवा किती ओली असते हे वेगळं सांगायला नको. घुमटाच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे आहे.

घोरपड

परंपरेनं घुमटाला घोरपडीचंच कातडं लावत. ते पातळ असूनही चिवट असतं, बारीक खवल्यांमुळे सगळीकडे सारखं भरतं आणि बोटाच्या हलक्या टिचकीलाही तीक्ष्ण बोल देतं. ज्यांनी ते ऐकलंय त्यांना दुसरं काही पटत नाही, आणि त्यांच्या कानाला मी खोटं ठरवणार नाही. नादात फरक आहे.

पण आज ते विकत घेण्याचा पर्याय उरलेला नाही. घोरपड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्याच्या शिकारीला किंवा व्यापाराला किमान 3 आणि कमाल 7 वर्षांचा तुरुंगवास आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. कातडं विकणारा जितका अडकतो तितकाच घेणाराही. मालकीच्या दाखल्याशिवाय ते बाळगणंसुद्धा गुन्ह्यात धरलं जातं. ‘जुना साठा आहे’, ‘आपोआप मेलेल्या घोरपडीचं आहे’ असं कुणी कानात सांगितलं तरी पाय मागे घ्या. घरात आजोबांच्या वेळचं घुमट टांगलेलं असेल तर ते विकायच्या किंवा पुन्हा मढवायच्या भानगडीत न पडता आधी वनखात्याकडे चौकशी करा.

कायदा बाजूला ठेवला तरी मला हा सौदा पटत नाही. उंदीर, किडे, खेकडे, अंडी, मेलेली जनावरं खाऊन आपल्या कुळागरांचा (सुपारी-नारळाच्या बागांचा) आणि बांधांचा तोल राखणारा हा जीव आहे. चवथीला गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीत आपण रानातली फळं-फुलं बांधून निसर्गाला देवापुढे मान देतो. त्याच माटोळीसमोर रानातल्या जिवाचं चोरून आणलेलं कातडं वाजवावं, हे मनाला लागतं.

एक समज मात्र खोडायलाच हवा: ‘घोरपडीचं कातडं पावसात सैल पडत नाही.’ खंजिरीचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. कर्नाटक संगीतातली ही लहानशी चौकट फणसाच्या लाकडाची असते आणि तिच्यावरही परंपरेनं घोरपडीचंच कातडं असे. वादक वाजवण्याआधी कातड्याच्या आतल्या बाजूला पाणी शिंपडतात, कारण ओलं झालं की ते सैल होऊन खालचा, गंभीर स्वर देतं. म्हणजे पाण्यानं ढिलं होणं हा त्या कातड्याचा गुणच आहे. पावसाच्या बाबतीत घोरपड बकरीपेक्षा काही जादू करत नाही. आता खंजिरीही बकरीच्या कातड्यावर आणि सिंथेटिक पडद्यावर मिळते, आणि मैफली थांबलेल्या नाहीत.

बकरी

बकरीचं कातडं ही तडजोड आहे असं बोललं जातं. मला ते मान्य नाही. पश्चिम आफ्रिकेतला जेंबे पाहा: गिनी आणि मालीतलं हे लाकडी वाद्य बकरीच्या कातड्यावर, दोऱ्यांच्या विणीनं ताणून, असा कडक बोल काढतं की मैदानभर ऐकू जावा. आयर्लंडचा बोधरान हा चौकटीचा ढोलही बकरीचाच, आणि तो देशही पावसाचा. तिथल्या वादकांनी हवेशी जुळवून घ्यायच्या युक्त्या काढल्या. कातडं फार ताणलं तर पाण्याचा हात फिरवायचा, आणि आता तर आतून स्क्रूनं ताण कमी-जास्त करता येणाऱ्या चौकटीही मिळतात. आपला तबला, आपली ढोलकीही बकरीवरच उभी आहे. जगातल्या इतक्या तालांचा भार पेलणाऱ्या कातड्याला दुय्यम म्हणणं बरं नाही.

घुमटावर ते थोडं वेगळं बोलतं. बोल किंचित गोलसर, जाडसर येतो आणि टिचकीची धार कमी होते. पण हा फरक मोठा होतो तो जाड कातडं चढवल्यामुळे. मोठ्या, वयस्क जनावराचं जाड कातडं स्वस्तात मिळतं म्हणून काही जण तेच लावतात आणि मग ‘बकरीचं घुमट मुकं असतं’ अशी बदनामी होते. पातळ, कोवळ्या जनावराचं कातडं मागा. सुवारीसारखं (घुमटाच्या समूहवादनासारखं) जलद वादन करायचं असेल तर यात हयगय नको.

पारख अशी करा. घुमट उजेडाकडे धरून लहान तोंडातून आत पाहा. कातडं सगळीकडे सारखं उजळलेलं दिसलं पाहिजे. एका बाजूला काळपट, दुसरीकडे पारदर्शक असेल तर जाडी असमान आहे. कातड्यावर पाठीच्या कण्याची फिकट रेघ दिसत असेल तर ती मधून गेलेली बरी, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण जुळतो. काठाला काठाला बोट टिचकवत फिरवा: स्वर जागोजागी बदलत असेल तर बांधणी वाकडी झाली आहे. केसांची मुळं नीट निघालेली नसली तर हाताला खरखरीत लागतं, आणि कुबट वास येत असेल तर कातडं नीट वाळलेलं नाही. पहिल्याच पावसात ते कुजायला लागेल.

मडक्याची पारख तर कातडं चढायच्या आधीच करावी. डिचोलीच्या कुंभारांकडे किंवा बाजारात रिकामं भांडं मिळालं तर ते हातावर तोलून बोटानं वाजवा. खणखणीत आवाज हवा. भद्द आवाज म्हणजे बारीक तडा किंवा कच्ची भाजणी. लहान तोंड तुमच्या तळव्यात पूर्ण झाकलं जातंय ना, हे स्वतःच्या हातानं पाहा. माणसामाणसाचा हात वेगळा असतो, आणि दुसऱ्यानं निवडून आणलेलं घुमट इथेच फसतं.

बकरीची आणखी एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते: फाटलं तर गावातच बदलता येतं. भिजवायचं, काठावर ओढायचं, दोरीनं आवळायचं, सावलीत वाळू द्यायचं. कारागिराला काम मिळतं आणि तुमचं भांडं वर्षानुवर्षं तेच राहतं.

सिंथेटिक पडदा

पॉलिएस्टरचा पडदा ड्रमवर आला तो 1950 च्या दशकात. रेमो कंपनी 1957 साली याच पडद्यांवर उभी राहिली. पाणी प्यायचा प्रश्नच नाही, त्यामुळे धुवांधार पावसातही स्वर जिथल्या तिथे. कुणाला देवघरात कातडं नको वाटतं, त्यांचाही प्रश्न सुटतो. (देवळांच्या नगारखान्यात कातडंच वाजतं, तेव्हा मला स्वतःला ही अडचण वाटत नाही, पण ज्याला वाटते त्याच्या भावनेचा मान राखावा.)

पूर्वेकडच्या देशांत हा बदल विचारपूर्वक झालेला दिसतो. ओकिनावाच्या तीन तारांच्या सानशिनवर अजगराचं कातडं असतं. ते बाहेरून येतं आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, म्हणून शिकणाऱ्यांच्या हातात खवल्यांची नक्षी छापलेल्या कृत्रिम कातड्याची सानशिन सर्रास असते. अजगराचं कातडं सरावलेल्या वादकाकडे. जपानच्या मुख्य बेटांवरची शामिसेन ही तीन तारांचीच मांजर-कुत्र्याच्या कातड्यावरून कांगारू आणि सिंथेटिककडे सरकते आहे. हाँगकाँग चायनीज ऑर्केस्ट्रानं तर एर्हू आणि तिच्या कुळातली सगळी वाद्यं अजगराऐवजी पॉलिएस्टरच्या पडद्यावर नव्यानं घडवली आणि तीच घेऊन ते मंचावर बसतात.

मात्र ही तंतुवाद्यं आहेत. घुमटाच्या खऱ्या जवळची दरबुका. मातीचं अंग, एका तोंडावर बकरीचं किंवा माशाचं कातडं, दुसरं तोंड उघडं. तिच्यावर प्लास्टिकचा पडदा आला आणि बहुतांश ठिकाणी मातीच गेली, ॲल्युमिनियम आलं. कारण उघड आहे: हा पडदा भिजवून काठावर ओढता येत नाही, त्याला कडं आणि स्क्रू लागतात, आणि मातीच्या काठाला ते सोसत नाहीत. आवाज लखलखीत, वेगवान झाला आणि रंगमंचावर ती शोभली. पण मातीच्या अंगातला मऊ खालचा स्वर उणावला.

घुमटाचंही हेच होईल, ही माझी भीती आहे. सिंथेटिक पडद्यामागून फायबरचं किंवा धातूचं अंग येतं, आणि मग ज्या हवेसाठी आपण घुमट वाजवतो ती मातीतली हवाच राहत नाही. मांडो या गोव्याच्या गाण्यांच्या साथीला, झागर या लोकनाट्यात, शिगम्यात, आरतीत, हिंदू-ख्रिस्ती दोघांच्या घरांत हे वाद्य मातीचं म्हणूनच वावरलं. गोवा सरकारनं 2019 मध्ये त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, तेव्हा मातीलाही तो मान मिळाला असं मी समजतो.

मग कुणी काय घ्यावं?

घरच्या आरतीसाठी, मंडळासाठी, स्पर्धेसाठी: मातीचं अंग आणि पातळ बकरीचं कातडं. शाळेच्या वर्गात, जिथे मुलं आपटणार आणि सांडणार, तिथे सिंथेटिक चालेल. फक्त मुलांच्या हाताला मधूनमधून मातीचं घुमटही द्यावं, नाहीतर डाव्या तळव्याचं काम ती कधी शिकणारच नाहीत. उघड्यावर पावसात मिरवणुकीत वाजवणाऱ्यांनी शक्य तर बकरीची दोन घुमटं ठेवावीत आणि आलटून-पालटून कोरडी करावीत.

सैल पडलेलं कातडं तापवताना घाई नको. ज्वाळेजवळ धरलं की ते एकदम आकसून काठाशी फाटतं आणि ओल धरलेलं मडकंही तडकू शकतं. उन्हाची तिरीप किंवा दिव्याची लांबची ऊब पुरते. चवथीनंतर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळून, उंदीर पोचणार नाहीत अशा वाऱ्याच्या जागी टांगा.

आणि मागणी वैशाखातच नोंदवा. तेव्हा ऊन असतं, कातडं नीट वाळतं, आणि कारागिरालाही उसंत असते. मृग लागल्यावर घरी वाजवून पाहा. ओल्या हवेत ते किती उतरतं ते कळेल, आणि जास्तच उतरलं तर चवथीआधी दुसरं कातडं चढवायला पुरेसे दिवस हातात असतील.