जिन्याचं फायर डोअर: पत्र्याचं की लाकडी?

सोसायटीच्या जिन्याची जुनी फायर डोअर बदलायची ठरली की कमिटीपुढे बहुधा दोन कोटेशनं येतात, एक पत्र्याच्या दारांचं आणि एक लाकडी. दोन्हींवर ‘2 तास’ लिहिलेलं असतं, म्हणजे दार तेवढा वेळ आग अडवेल; यालाच रेटिंग म्हणतात. माझं मत आधीच सांगतो: जिन्याला पत्र्याचं घ्या. फायर एनओसीत, म्हणजे अग्निशमन दलाच्या ना-हरकत पत्रात, फ्लॅटच्या मुख्य दारालाही रेटिंग मागितलं असेल, तर तिथे लाकडी चांगलं.

मात्र पत्र्याच्या दाराच्या पोटात काय भरलंय, हे विचारल्याशिवाय सही करू नका. चाचणीत दोन गोष्टी बघतात. ज्वाळा आणि गरम वायू पलीकडे जातात का, आणि पलीकडची बाजू किती तापते. तापण्याची मर्यादा सरासरी 140 अंशांची वाढ, कुठल्याही एका जागी 180 अंश. आत नुसता कागदी हनीकोंब, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळ जाळी, असेल तर दार ज्वाळा अडवतं, पण स्वतः भट्टीसारखं तापतं, आणि त्याच्या बाजूनेच लोकांना जिना उतरायचा असतो. रॉकवूलसारखं खनिज भरण आणि दोन्ही निकष पार केल्याचा आयएस 3614 चा, म्हणजे फायर डोअरच्या भारतीय मानकाचा, रिपोर्ट मागा. रिपोर्ट चौकट, बिजागऱ्या, क्लोझर (दार आपोआप लावणारं यंत्र), कुलूप आणि काच यांसकट अख्ख्या दाराचा हवा.

लाकूड इथे उजवं ठरतं. आगीत ते मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर या गतीने कोळसा होत जातं आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला जपतो, त्यामुळे मागची बाजू बराच वेळ सोसण्याजोगी राहते. अर्ध्या-एक तासासाठी ते उत्तम. दोन तासांसाठी मात्र दार जाडजूड आणि जड होतं, मग बिजागऱ्या ढिल्या पडतात.

खरा फरक पावसाळ्यात कळतो. लाकडी दार फुगलं, चौकटीला घासायला लागलं, की कुणीतरी सुतार बोलावतं आणि तो कडेला रंधा मारतो. त्याच कडेला किंवा समोरच्या चौकटीत आगीत फुगून फट बुजवणारी पट्टी असते. रंध्याने ती खरवडली जाते, आणि पाऊस संपल्यावर दार आक्रसलं की फट आणखी रुंदावते. पत्र्याचं दार फुगत नाही. ते खालून गंजतं, कारण जिना धुतला की पाणी तिथेच साचतं. पण गंज डोळ्यांना दिसतो.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 2017 साली आग लागली. तिथल्या फ्लॅटच्या एका दाराची नंतर चाचणी झाली, तेव्हा 30 मिनिटांचं ते दार 15 मिनिटांत गेलं. आता इंग्लंडमध्ये 11 मीटरवरच्या निवासी इमारतींत सामाईक फायर डोअर दर तीन महिन्यांनी तपासावी लागतात. आपल्याकडे महाराष्ट्रात परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. मधल्या महिन्यांत कमिटीनेच फिरावं. दार अर्धवट उघडून सोडा, आपणहून लॅचपर्यंत बंद झालं पाहिजे. कडेची फट 3-4 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. जिन्यात प्रेशरायझेशनचा पंखा, म्हणजे धूर आत येऊ नये म्हणून हवेचा दाब वाढवणारा पंखा, असेल तर तो चालू करून हेच पुन्हा बघा. हवेच्या दाबाने क्लोझर हरतो, नाहीतर म्हाताऱ्या माणसाला दार उघडत नाही.

हवा खेळावी म्हणून दारात वीट लावणारे रहिवासी असतील, तर फायर अलार्मला जोडलेले मॅग्नेटिक होल्डर त्याच कोटेशनमध्ये मागून घ्या. अलार्म वाजला किंवा वीज गेली की ते दार सोडतात.