शोधशुद्धी: आकडा नको, अहवाल मागा

प्रबंध किंवा लघुप्रबंध जमा करायची वेळ आली की सोलापुरात एकच प्रश्न ऐकू येतो: "किती टक्के आलं?" म्हणजे आधीच्या लिखाणाशी किती साम्य निघालं? शोधशुद्धी ही इन्फ्लिबनेटची (विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या यूजीसीच्या केंद्राची) वाङ्मयचौर्य-तपासणी सेवा १ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाली. आधी तिच्यात उरकुंड हे सॉफ्टवेअर होतं, नंतर ड्रिलबिट आलं. विद्यापीठांना ती मोफत मिळते. सेवा चांगली आहे, पण नुसता आकडा घेऊन परतलात तर तिचा निम्मा उपयोग वाया जातो.

सॉफ्टवेअर साम्य दाखवतं, जुळलेली वाक्यं अहवालात रंगवून. चोरी ठरवायची ती माणसांनीच. सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉवरचा (लष्करी कायद्यावरचा) प्रबंध घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, हे वाक्य कुणीही लिहिलं तरी जवळपास असंच होणार. ते रंगलं म्हणून घाबरायचं कारण नाही. त्या लढ्याचं दुसऱ्या कुणी केलेलं विश्लेषण मात्र संदर्भाशिवाय आलं, तर 'फाशी'चं 'मृत्युदंड' करून रंग गेला तरी चोरी राहतेच. टक्के कमी करून देणारे नेमकं हेच करतात आणि वाक्यांचा अर्थही बिघडवून ठेवतात.

सर्वात मोठी अडचण मराठी टायपिंगची. डीटीपीत श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दिली, तर सॉफ्टवेअरला मराठी दिसतच नाही, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मग अहवालात शून्याच्या आसपास आकडा येतो आणि सगळे खूश! फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअॅपवर चिकटवून बघा. मराठी नीट दिसली तर फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला वाचता येणाऱ्या लिपीत आहे, नाहीतर आधी रूपांतर करून घ्या आणि जोडाक्षरं तपासा. पानांचे फोटो काढून बनवलेली पीडीएफही चालत नाही.

भाषांतर ही दुसरी फट. वचन साहित्यावर (बसवण्णा आणि इतर शरणांच्या कन्नड रचनांवर) लिहिताना कन्नड ग्रंथातला परिच्छेद मराठीत आणला, तर तो बहुधा रंगणार नाही. तरीही मूळ ग्रंथ आणि पान नोंदवायलाच हवं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. १० ते ४० ला सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि नीट श्रेय दिलेली अवतरणं या टक्क्यांत धरत नाहीत. ती वगळून अहवाल काढलाय का, हे ग्रंथालयात विचारून घ्या.

कच्चा मसुदा तपासायला देताना तो सॉफ्टवेअरच्या साठ्यात (ज्याच्याशी पुढचे मजकूर ताडून बघतात) जमा करू नका असंही सांगा. नाहीतर पक्की प्रत तुमच्याच मसुद्याशी जुळते आणि आकडा नव्वदीपार जातो.