कृती समिती, शासकीय समिती की सामाईक मंच? पंचगंगेसाठी एकत्र येताना

जुलै लागला की कोल्हापुरात प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच मेसेज फिरतो. राजाराम बंधारा इतके फूट, इतके इंच. खाली पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पातळी चढू लागली की चिखली-आंबेवाडीत जनावरं हलवायची तयारी होते, तालमींची पोरं कामाला लागतात, शाळा निवाऱ्यासाठी उघडतात. कुणी कुणाच्या हाताखाली नसतं, तरी सगळे एका आकड्याकडे बघून हलतात.

हीच पंचगंगा नदी उन्हाळ्यात काळी पडते, तेरवाडच्या बंधाऱ्यात मासे तरंगतात, तेव्हा असा एकही आकडा नसतो. बोटं मात्र भरपूर असतात. साखर कारखानदार शहराचं सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्याकडे दाखवतो, शहरवाले कारखान्यांच्या मळीच्या पाण्याकडे, दोघं मिळून इचलकरंजीच्या कापड प्रोसेसकडे. तुमची संस्था, तालीम किंवा डॉक्टरांची संघटना या कामात उतरायचं म्हणत असेल, तर आधी एकत्र कसं यायचं ते ठरवावं लागेल. समोर तीन वाटा आहेत.

कृती समिती आपल्या रक्तातच आहे. शहरातल्या रस्त्यांच्या टोलविरुद्ध सगळे पक्ष एका व्यासपीठावर आले आणि टोल गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी सहा जिल्ह्यांतले वकील चार दशकं चिवटपणे लढले आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात कामकाज सुरू झालं. या दोन्ही लढ्यांबद्दल मला मनापासून अभिमान आहे. दोन्हींत मागणी एक होती आणि ठोठावायचं दारही एकच होतं. अशा कामाला कृती समितीसारखं दुसरं हत्यार नाही. ती रातोरात उभी राहते, पैसा फारसा लागत नाही, आणि शहर पाठीशी असतं.

पंचगंगेसाठी मोर्चा कुणाच्या दारात न्यायचा? महापालिकेच्या, कारखान्यांच्या, प्रोसेसवाल्यांच्या, की गटार थेट ओढ्याला सोडलेल्या आपल्याच गावांच्या? ज्यांनी बदलायचं ती माणसं कधी मोर्च्यासमोर असतात, कधी मोर्च्यातच. मागणी मान्य झाली तरी नाला रोज वाहतोच, आणि समिती तोवर पांगलेली असते. एखादा सांडपाणी प्रकल्प निधीअभावी अडला असेल, तर मात्र खुशाल कृती समिती काढा.

दुसरी वाट जिल्हाधिकाऱ्यांच्या शासकीय समितीची, तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो. कायद्याचा हात तिच्याकडेच आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ नोटीस काढू शकतं, उद्योग बंद करायला लावू शकतं, हे बाकी कुणाला जमणार नाही. पण अधिकारी बदलतात, नवे साहेब येतात, विषय पुन्हा पहिल्या पानापासून समजावून सांगावा लागतो. इतिवृत्तात ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढं वाक्य वर्षभर पुरतं.

तिसरी वाट सामाईक मंचाची. २०११ मध्ये अमेरिकेत जॉन कानिया आणि मार्क क्रेमर यांनी तिच्या पाच अटी मांडल्या. सगळ्यांचं उद्दिष्ट एक, मोजमाप एक, प्रत्येकाचं काम वेगळं पण एकमेकांना पूरक, सतत बोलणं, आणि हे सगळं सांभाळणारा पूर्णवेळ कणा. कणा म्हणजे दोन-तीन पगारी माणसं. फोन करणं, तारखा लावणं, आकडे गोळा करणं, रुसलेल्याला परत आणणं हे त्यांचं काम.

मोजमापाची अट मला एका बैठकीत नीट कळली. टेबलावर तीन अहवाल होते, नदी एकच. प्रश्न बीओडीचा होता, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्याचा. अंघोळीच्या पाण्यात तो लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. एकाचा नमुना नाल्याच्या वरच्या अंगाचा, दुसऱ्याचा खालचा, तिसऱ्याचा धरणातून पाणी सोडल्यानंतरचा. बाटली बर्फात ठेवली होती का, हेही कुणाला सांगता येईना. तीन दिवस २७ अंशांवर ठेवून काढलेले ते आकडे, तिन्ही आपापल्या जागी खरेच असतील. दोन तास त्यावर भांडण झालं आणि चहा घेऊन सगळे उठले. नदीवर एक शब्दही झाला नाही.

या वाटेचे तोटेही ऐका. पहिलं वर्षभर दाखवायला काही नसतं. पगार कोण देणार यावर मंच मोडू शकतो. देणगीदार मोठा असेल तर हळूहळू त्याचंच चालू लागतं. आणि खुर्च्या फक्त मोठ्यांनाच मिळतात, अशी टीका परदेशातही झालेली आहे. शिरोळ तालुक्यात नदीकाठी राहणारी बाई, मासे धरणारा माणूस हे टेबलावर नसतील, तर तो मंच म्हणजे आणखी एक समिती. अशा मंचाचं नेतृत्वही वेगळं लागतं. भाषण गाजवणारा इथे फार उपयोगाचा नाही. कारखान्याचा केमिस्ट आणि आंदोलक कार्यकर्ता या दोघांनाही ज्याचा फोन उचलावासा वाटतो, असा माणूस हवा.

माझं मत मंचाच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. आधी आकडा, मग लेटरहेड. शासकीय समिती सोडायची नाही. मंचाने सर्वांना मान्य असलेले आकडे तिच्या पुढ्यात ठेवायचे, म्हणजे नोटिशीला धार येईल. आणि २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, म्हणून डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

सुरुवात पुराच्या मेसेजमधल्याच बंधाऱ्यांवरून करता येईल. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. महिन्यातून एकदा, एकाच दिवशी, सहाही ठिकाणी बाटल्या भरायच्या. बरगे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले आहेत की काढलेले, याची नोंद करायची. प्रत्येक बाटली भरताना कारखान्याचा एक, महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा एक आणि नदीकाठचा एक माणूस हजर हवा, आणि चिठ्ठीवर तिघांच्याही सह्या. मग आकडे त्याच साच्यात, त्याच ग्रुपवर टाकायचे, जिथे जुलैत फूट आणि इंच येतात.